‘का’ची गोष्ट : सारखा आवाज, वेगळं घराणं



मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नांच्या ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यातली एक आम्ही जपून ठेवली आहे. त्यात लिहिलं होतं, ‘प्राचीन इजिप्तमध्ये माणसाच्या प्राणशक्तीला “का” म्हणत. आपल्या वेदवाङ्मयातही “क” नावाचा देव आहे. मग हे दोन्ही मुळात एकच होते, असं का म्हणू नये?’

प्रश्न चांगला आहे. विचारणाऱ्यानं वाचलेलं आहे, आणि दिलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खटका आहे तो त्या दोन गोष्टींना जोडणाऱ्या ‘मग’ या शब्दात. आजचं सगळं व्याख्यान त्या एका ‘मग’साठी आहे. एका अक्षराचा शब्द घेऊ, ‘का’. तो कुठेकुठे भेटतो ते बघू, लोक त्याच्याशी कसे खेळले ते बघू, आणि शेवटी चिठ्ठीच्या उत्तराकडे येऊ.

सुरुवात घरापासून. मराठीत ‘का’ किती कामं करतो बघा. ‘का गेलास?’ इथे तो कारण विचारतो. ‘गेलास का?’ शब्द तेच, ‘का’ फक्त शेवटी गेला, आणि आता कारण नको, हो की नाही एवढंच सांगा. ‘का हो, बरं आहे ना?’ इथे तर तो नुसती हाक आहे. ‘असं का!’ म्हटलं की प्रश्नही उरत नाही, आश्चर्य उरतं. जुन्या मराठीत आणखी एक काम होतं. ज्ञानेश्वरी, म्हणजे शके १२१२, इसवी सन १२९०, वाचताना एकामागून एक दृष्टांत येतात आणि मध्ये ‘कां’ येतो. नवा वाचक तिथे ‘कशासाठी?’ असा अर्थ लावतो आणि अडखळतो. तिथे पुष्कळदा त्याचा अर्थ ‘किंवा’ असा असतो. हे उदाहरण द्या, का ते द्या, असा.

आता जरा हिंदीत जाऊ. ‘राम का घर.’ हा ‘का’ प्रश्न विचारत नाही, मालकी सांगतो. मुंबईच्या लोकलमध्ये एकाच बाकावर बसलेल्या दोन माणसांच्या तोंडी हे दोन ‘का’ एकाच मिनिटात ऐकू येतात. आवाज तंतोतंत एक. पण मराठी ‘का’ हा संस्कृतातल्या प्रश्नवाचक ‘क’च्या घराण्यातला, आणि हिंदी ‘का’ बहुतेक अभ्यासकांच्या मते ‘कृत’ या रूपापासून झिजत आलेला. शेजारी राहतात, दिसतात जुळ्यांसारखे, पण भाऊ नाहीत.

इथे एक गंमत सांगतो. लहानपणी आपण ‘च’ची भाषा बोलायचो. शब्दाचं पहिलं व्यंजन काढायचं, तिथे ‘च’ बसवायचा आणि काढलेलं व्यंजन मागे टाकायचं. ‘मला’चं ‘चला म’. या नियमानं हिंदी ‘का’चं काय होईल? ‘चा क’. आणि हिंदीत जिथे ‘का’, तिथे मराठीत ‘चा’! राम का, रामाचा. आता कुणी उद्या उठून म्हणालं, की मराठी षष्ठीचा प्रत्यय मुलांच्या ‘च’च्या भाषेतून आला, तर आपण हसू. का हसू? कारण तो खेळ आहे हे आपल्याला माहीत असतं. पण हीच उडी इजिप्त आणि वेद यांच्यामध्ये मारली की आपण हसत नाही, पुढे पाठवतो. हा फरक लक्षात असू द्या.

खेळाचा विषय निघालाच आहे, तर ‘का’ची जगातली सगळ्यात गमतीदार नोकरी बघू. ती आहे स्क्रॅबल या खेळात. १९३० च्या दशकात अमेरिकेत मंदी होती. आल्फ्रेड बट्स नावाच्या वास्तुरचनाकाराचं काम गेलं होतं. रिकाम्या वेळात त्यानं एक शब्दखेळ रचला. वर्तमानपत्राच्या पानांवर कुठलं अक्षर किती वेळा येतं ते त्यानं मोजलं, आणि त्यावरून सोंगट्यांची संख्या आणि अक्षरांचे गुण ठरवले. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यानं त्या खेळाला स्क्रॅबल हे नाव देऊन तो बाजारात आणला.

इंग्रजी लेखनात ‘के’ हे अक्षर कमी लागतं, कारण ‘क’चा बराच भार ‘सी’ उचलतो. म्हणून शंभर सोंगट्यांत ‘के’ची सोंगटी एकच आणि तिला गुण ५. ‘ए’ला गुण १. हे दोन जोडले की ‘का’ तयार होतो, ६ गुणांचा. स्क्रॅबलच्या मान्य शब्दसूचीत हा शब्द आहे. कुठला ‘का’? आपला नाही. इजिप्तचा, चिठ्ठीतला! इंग्रजी कोशांनी तो घेतला आणि कोशातून तो खेळात आला. स्क्रॅबलचे पट्टीचे खेळाडू असले दोन अक्षरी शब्द तोंडपाठ करतात. लांब शब्दांनी गुण मिळतात खरे, पण अडचणीच्या जागी सोंगटी शिरवायला हे छोटे शब्दच उपयोगी पडतात. त्याच्या पुढे ‘एस’ लावला की नवा शब्द. ‘का’च्या डाव्या बाजूला तोच ‘एस’ लावला की ‘स्का’, म्हणजे जमैकातलं एक संगीत. तिथे ‘ओ’ लावला की ‘ओका’, म्हणजे तुर्कस्तानातलं एक जुनं वजन. इजिप्तचा प्राण, जमैकाचं गाणं आणि तुर्की वजन एका रेषेत येऊन बसतात, आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो.

संबंध लागतही नाही. नायजेल रिचर्ड्स या न्यूझीलंडच्या खेळाडूनं २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतली स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. २०२४ मध्ये त्यानं स्पॅनिशमधलं जागतिक विजेतेपद मिळवलं, तेही स्पॅनिश न बोलता. शब्दांची रूपं पाठ, अर्थाची गरज नाही. आम्हाला या माणसाबद्दल फार आदर आहे, कारण त्यानं एक गोष्ट स्वच्छ दाखवली : शब्दखेळात शब्द म्हणजे आकार. इतिहासात मात्र शब्द म्हणजे आकार, अर्थ, काळ आणि प्रवास, चारही. खेळाचा नियम इतिहासाला लावला की घोटाळा होतो.

तर मग इजिप्तचा ‘का’ काय होता?

चित्रलिपीत तो दाखवतात दोन उभारलेल्या हातांनी. कोपरापासून वर गेलेले हात, पंजे उघडे. माणूस जन्मतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा ‘का’ जन्मतो. तो त्याची जीवनशक्ती आहे, एक प्रकारचा जोडीदार आहे. माणूस मेल्यावरही ‘का’ला अन्न लागतं, म्हणून थडग्यात नैवेद्य. कैरोच्या संग्रहालयात होर नावाच्या राजाचा लाकडी पुतळा आहे. १८९४ मध्ये दहशूरला सापडला. पुतळ्याच्या डोक्यावर मुकुट नाही, तेच दोन उभारलेले हात आहेत. म्हणजे हा राजा नव्हे, राजाचा ‘का’.

इजिप्तचे लोकही शब्दांशी खेळत. त्यांच्या भाषेत ‘बैल’ या अर्थाचा शब्दही याच व्यंजनांचा, आणि ‘अन्न’ या अर्थाचा शब्दही याच वळणाचा. प्राण, बैल, अन्न. त्या त्या भाषेत राहून केलेला असा खेळ अर्थाला खोली देतो.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती फार कमी लोक सांगतात. इजिप्तच्या चित्रलिपीत स्वर लिहीतच नसत. फक्त व्यंजनं. या शब्दात दोन व्यंजनं आहेत. पहिलं ‘क’. दुसरं आपल्याकडे नसलेलं एक घशातलं व्यंजन. आजचे अभ्यासक सोयीसाठी त्या दुसऱ्या व्यंजनाच्या जागी ‘आ’ म्हणतात. म्हणजे ‘का’ हा उच्चार इजिप्तच्या लोकांचा नाही, अभ्यासकांच्या वर्गातला आहे!

खरा उच्चार काय असेल? त्याचा एक धागा फार सुंदर जागी सापडतो. मेम्फिस नगरीत प्ताह देवाचं मोठं मंदिर होतं. त्याचं नाव ‘हूत-का-प्ताह’, प्ताहाच्या ‘का’चं घर. हे नाव शहराला चिकटलं. इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातली अमर्ना इथली पत्रं आहेत, मातीच्या पाट्यांवर कीलाकार लिपीत लिहिलेली. त्या लिपीत स्वर लिहितात. तिथे हे नाव येतं ‘हिकुप्ताह’. ‘का’ नाही, ‘कु’! पुढे ग्रीकांच्या तोंडी त्याचं झालं ‘ऐगुप्तोस’, आणि तिथून ‘इजिप्त’. म्हणजे मंडळी, आपण ‘इजिप्त’ म्हणतो तेव्हा मधल्या ‘जि’मध्ये तो प्राचीन ‘का’ झिजून बसलेला असतो. तिथल्या ख्रिस्ती समाजाचं ‘कॉप्ट’ हे नावही त्याच वाटेनं आलेलं. आता गंमत बघा. जिथे ‘का’ स्पष्ट ऐकू येतो तो उच्चार आधुनिक, आणि जिथे तो अजिबात ओळखू येत नाही तिथे तो खरोखर आहे.

आता आपल्या ‘क’कडे वळू.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १२१ वं सूक्त आहे, हिरण्यगर्भसूक्त. त्याच्या पहिल्या नऊ ऋचांच्या शेवटी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : आम्ही हवी अर्पण करावी ती कोणत्या देवाला? दहाव्या ऋचेत प्रजापतीचं नाव येतं. पुढच्या ब्राह्मणग्रंथकारांनी काय केलं, तर त्या प्रश्नवाचक शब्दालाच नाव मानलं. कोण? तर ‘कोण’ हाच. ऐतरेय ब्राह्मणात कथा आहे. वृत्राला मारल्यावर इंद्र प्रजापतीला म्हणतो, तुझं मोठेपण मला दे. प्रजापती म्हणतो, ते दिलं तर मग मी कोण? इंद्र म्हणतो, तू आत्ता जे म्हणालास तेच तू हो. ‘क’ हो.

पाणिनीनंसुद्धा या ‘क’ देवतेच्या हविर्भागासाठी ‘काय’ हे रूप साधायला वेगळं सूत्र केलं आहे. एकोणिसाव्या शतकात माक्स म्युलरनं यावर टीका केली, की या लोकांनी प्रश्नवाचक सर्वनामाचाच देव केला. आम्हाला वाटतं म्युलर इथे जरा घाईत होता. ज्यांनी ‘कः’ची विभक्ती रोज चालवली, त्यांना ते सर्वनाम आहे हे कळत नव्हतं असं मानणं अवघड आहे. ते जाणूनबुजून खेळत होते, आणि त्या खेळातून एक मोठी गोष्ट म्हणत होते : ज्याला पूर्ण जाणता येत नाही त्याचं योग्य नाव प्रश्नच असू शकतं.

ही हौस नंतरही टिकली. अमरकोशात ‘क’ म्हणजे वारा, ब्रह्मा, सूर्य, आणि ‘कं’ म्हणजे डोकं आणि पाणी असे अर्थ नोंदले आहेत. त्यामुळे ‘कंधर’ या एका शब्दाचे दोन अर्थ होतात. डोकं धारण करते ती मान, आणि पाणी धारण करतो तो ढग. ‘दशकंधर’ रावण आपल्याला आरत्या-कीर्तनांतून माहीत आहे, तो यातल्या पहिल्या अर्थाचा. एका अक्षराच्या शब्दांचे स्वतंत्र एकाक्षरी कोश झाले. कवींनी त्यावर कसरती केल्या. भारवीच्या किरातार्जुनीयात पंधराव्या सर्गात जवळजवळ पूर्णपणे ‘न’ या एकाच व्यंजनावर रचलेला श्लोक आहे. आपल्या मोरोपंतांनी ओठ न मिटता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण रचलं.

कोड्यांमध्ये तर ‘का’ आणि त्याचे भाऊबंद पहिल्या मानाचे. दंडीनं काव्यादर्शात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. पुढे अंतर्लापिका नावाचा प्रकार फार लोकप्रिय झाला. अंतर्लापिका म्हणजे ज्या कोड्याचं उत्तर कोड्याच्याच पोटात असतं. कवी विचारतो ‘का?’ म्हणजे ‘कोणती?’, आणि पुढचा शब्द ‘शी’नं सुरू होतो. आपण उत्तर शोधत बसतो. मग लक्षात येतं की प्रश्न आणि पुढचं अक्षर जोडलं की ‘काशी’ तयार होते. ‘के’च्या पुढे ‘दार’ आलं की ‘केदार’. ‘कं’च्या पुढे ‘बल’ आलं की ‘कंबल’, म्हणजे घोंगडी. प्रश्नाचा शब्द उत्तराचा पहिला तुकडा असतो. लिहिताना संस्कृतात शब्द सलग येतात, म्हणून हे साधतं.

इंग्रजी स्क्रॅबलमध्ये ‘का’ला दोन घरं लागतात. आपल्या वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यात ‘का’ एकाच घरात मावतो, कारण आपण अक्षर मोजतो, सुटी व्यंजनं-स्वर मोजत नाही. म्हणून तिथे तो एकटा उत्तर म्हणून येत नाही. काका, काशी, काठी यांच्यात शिरून येतो. लिपी बदलली की खेळही बदलतो.

आता चिठ्ठीकडे येऊ. इजिप्तचा ‘का’ आणि वैदिक ‘क’ एक का?

चार कसोट्या लावू. आवाज : इजिप्तच्या शब्दात दोन व्यंजनं, आपल्यात एक. स्वर जुळतो असं वाटतं, पण तो स्वर मुळात नंतर घातलेला. अर्थ : तिथे तो नाम, प्राणशक्ती. इथे तो सर्वनाम, ‘कोण’, आणि त्यातून झालेलं देवाचं नाव. काळ : गिझाचा तिसरा पिरॅमिड ज्याचा, त्या मेनकाउरे राजाच्या नावातच ‘का’ आहे. तो साधारण इसवी सनपूर्व २५०० चा. ‘क’ हे देवाचं नाव म्हणून रुळलं ते ब्राह्मणग्रंथांच्या काळात, कितीतरी शतकांनी नंतर. उरली प्रवासाची कसोटी.

इथे विचारणाऱ्याची बाजू आपणच मांडू. पश्चिम आशियात आपल्या भाषाकुळाच्या खुणा सापडल्याच नाहीत असं नाही. हित्ती आणि मितान्नी राज्यांमध्ये इसवी सनपूर्व चौदाव्या शतकात तह झाला. त्यात साक्षीला मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावं आहेत. मितान्नीचा राजा तुश्रत्त इजिप्तच्या राजांना पत्रं लिहीत होता, त्याची मुलगी तिथे दिली होती. म्हणजे ओळखपाळख होती. पण बघा, तिथे पुरावा कसा आहे. चार पूर्ण नावं, एकत्र, देव म्हणूनच, आणि काळ ठरवता येईल अशा मजकुरात. पुरावा असा दिसतो. आणि त्या वेळी इजिप्तमध्ये ‘का’ हा शब्द हजार वर्षांहून अधिक जुना झाला होता. पाहुणा येण्याआधीच जी वस्तू घरात आहे, ती पाहुण्यानं आणली असं म्हणता येत नाही. उलट्या दिशेनं, तिकडून इकडे आला म्हणावं, तर आपला ‘क’ घरच्याच प्रश्नवाचक शब्दातून कसा घडला हे आपल्याच ग्रंथांत लिहिलेलं आहे.

मग ‘का’चे खरे नातेवाईक कोण? ते वेगळ्याच दारात उभे आहेत.

२ फेब्रुवारी १७८६ ला कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ समान असावं असं मांडलं. पण नुसत्या साम्यावर हे शास्त्र उभं राहिलं नाही. १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी ध्वनिबदलाचे नियम पद्धतशीर मांडले. जिथे लॅटिनमध्ये ‘क’, तिथे जर्मन-इंग्रजी घराण्यात ‘ह’. शिंगाला लॅटिनमध्ये ‘कोर्नू’, इंग्रजीत ‘हॉर्न’. शंभराला ‘केंतुम’, इंग्रजीत ‘हंड्रेड’. त्याच न्यायानं लॅटिन ‘क्वोद’चा जोडीदार इंग्रजी ‘व्हॉट’. आता मराठी घ्या : कोण, काय, कधी, कुठे, का. इंग्रजी घ्या : हू, व्हॉट, व्हेन, व्हेअर, व्हाय. इकडे सगळे ‘क’चे, तिकडे लेखनात सगळे ‘डब्ल्यू-एच’चे. अख्खं कुटुंब कुटुंबाशी जुळतं. लिथुआनियन भाषेत ‘कोण’ला आजही ‘कस’ म्हणतात. संस्कृत ‘कः’चं मूळ रूप ‘कस्’. म्हणजे आपल्या ‘का’चा चुलतभाऊ इंग्रजी ‘व्हाय’ आहे. ऐकून कुणाला वाटेल का? नाही वाटत. नातं कानाला कळत नाही, नियमाला कळतं.

याच्या उलट उदाहरण जपानीचं. जपानी वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न होतो. ‘इकिमास्’ म्हणजे जाणार. ‘इकिमास् का’ म्हणजे जाणार का? आवाज तोच, जागा तीच, काम तेच! कुणालाही वाटेल, हा आपलाच. पण कुटुंब तपासा. जपानीत कोण म्हणजे ‘दारे’, काय म्हणजे ‘नानी’, कुठे म्हणजे ‘दोको’, कधी म्हणजे ‘इत्सु’, का म्हणजे ‘नाझे’. एकाचाही आरंभ ‘क’नं नाही. एकटा ‘का’ जुळतो, घर जुळत नाही. हा योगायोग.

आणि तरी जपानशी आपलं खरं नातं आहे, फक्त दुसऱ्या ठिकाणी. जपानी अक्षरांचा क्रम असा : आधी स्वर, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. त्यातला ‘हा’ प्राचीन काळी ‘पा’ होता. आता म्हणून बघा : क, च, त, न, प, म, य, र, व. ही आपली वर्णमाला आहे! सिद्धम् लिपीचा अभ्यास बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे जपानला पोचला. कूकाई हा भिक्षू ८०४ मध्ये चीनला गेला, ८०६ मध्ये परतला, आणि त्यानं ही विद्या जपानात रुजवली. याला आपण उसनवारी म्हणतो. वाट माहीत, माणसं माहीत, काळ माहीत. जपानी मुलं ‘शिरितोरी’ खेळतात, आपल्या भेंड्यांसारखा. शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. आता हा खेळ भेंड्यांमधून गेला का? तसा पुरावा आमच्यापुढे नाही, म्हणून तसं आम्ही म्हणणार नाही. शेवटचं अक्षर पकडून पुढे जाणं ही युक्ती कुठल्याही अंगणात सुचू शकते.

आणखी एकच दार ठोठावू. तमिळमध्ये ‘का’ म्हणजे राखणे, आणि ‘का’ म्हणजे वनराई. नन्नूल या तमिळ व्याकरणात एकाक्षरी शब्दांची संख्या ४२ सांगितली आहे, त्यातला हा एक. तिरुचिरापल्लीजवळ तिरुवानैक्का हे प्रसिद्ध शिवक्षेत्र आहे. नावाच्या शेवटी तोच ‘का’ आहे : हत्तीची वनराई. हा ‘का’ ना इजिप्तचा, ना आपल्या प्रश्नाचा. त्याच्या मातीत उगवलेला.

इतके ‘का’ सगळीकडे का भेटतात? साधा हिशोब करू. एखाद्या भाषेत वीस व्यंजनं आणि पाच स्वर धरले, तर एक व्यंजन आणि एक स्वर मिळून शंभरच अक्षरं होतात. त्यात ‘क’ आणि ‘आ’ हे जगातल्या बहुतेक भाषांत सापडणारे ध्वनी. जगात भाषा सुमारे सात हजार. मग ‘का’ हा शब्द शेकडो ठिकाणी असणार, आणि त्यातले काही अर्थानंही जवळ येणार. न जुळले असते तर नवल. शब्द जितका लहान, तितका योगायोग स्वस्त. ‘मित्र, वरुण, इंद्र, नासत्य’ अशी रांग योगायोगानं जुळत नाही. एक अक्षर सहज जुळतं.

म्हणून आम्ही तीन कप्पे करतो. नातं, उसनवारी आणि योगायोग. ‘का’ आणि ‘व्हाय’ हे नातं. जपानी अक्षरांचा क्रम ही उसनवारी. मराठी ‘का’ आणि जपानी ‘का’ हा योगायोग. चिठ्ठीतली जोडी तिसऱ्या कप्प्यात जाते.

आता कुणी म्हणेल, जाऊ द्या हो, जोडलं तर बिघडलं काय? अभिमान वाटतो, वाटू दे. बिघडतं असं, की या जोडणीत दोघांचंही नुकसान होतं. इजिप्तच्या ‘का’चे ते उभारलेले दोन हात जातात, त्याचा नैवेद्य जातो, प्ताहाचं मंदिर जातं. आणि आपल्या ‘क’मधला प्रश्न जातो. ऐतरेयातल्या प्रजापतीनं विचारलेलं ‘मग मी कोण?’ पुसलं जातं आणि तिथे एक विजयाची पाटी लागते. ज्या परंपरेनं प्रश्नालाच देवाचं नाव दिलं, तिच्या नावावर प्रश्न न विचारता उत्तर पसरवायचं, हे आम्हाला त्या परंपरेशी बेइमानी केल्यासारखं वाटतं.

राजवाड्यांसारख्या माणसानं मराठी शब्दांच्या मागे आयुष्य घालवलं. त्यांच्या काही व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांनी मानल्या नाहीत. त्यात राजवाड्यांचा अपमान झाला नाही. त्यांनी कागद समोर ठेवले होते, म्हणून तर त्या तपासता आल्या.

तेव्हा ज्यांनी ती चिठ्ठी लिहिली, त्यांचे आम्ही आभारी आहोत. त्यांनी ‘असं का म्हणू नये?’ असं विचारलं, परस्पर ‘असंच आहे’ म्हणून मोकळे झाले नाहीत. घरी जाऊन एक करून बघा. पुढच्या वेळी दोन शब्दांचं साम्य सांगणारा संदेश आला, की तो कुठल्या कप्प्यात बसतो ते ठरवा. चारही कसोट्या लावा : आवाज, अर्थ, काळ, प्रवास. बसला नाही तर भेंड्यांसाठी ठेवून द्या, वाया जाणार नाही. आणि ज्याचा निकाल लागणार नाही, तो चिठ्ठीवर लिहून पुढच्या खेपेला घेऊन या. आपण मिळून बघू.